टरफलांची सोयरीक

उद्या सकाळी प्रदूषणवाले साहेब येणार होते, आणि आमच्या लातूरच्या डाळ मिलमागे तुरीच्या टरफलांचा ढीग आंबून पडला होता. पाण्याची टाकी फुटली नि सगळा भिजला. एरवी गोठेवाले भांडून नेतात. आता नाक धरून परत गेले. ढीग दिसला तर मिल बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

बाबा ऑफिसात येरझाऱ्या घालत होते. मीपण. खोली एवढुशी, त्यामुळे दर फेरीला टक्कर.

"उर्वी, एका जागी बस."

"तुम्ही बसा, मग मी बसते."

दिवाळीआधी मी असं बोलले नसते. पण नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या दीपमाला मावशीने सुट्टीत मला कामाला लावलं, तेव्हापासून मी कुणाला आवरत नाही. तिने कारखान्यांच्या टाकाऊ मालाची सोयरीक जुळवणारी वेबसाइट केलीय. मशीनला नुसतं 'टरफल' म्हणून भागत नाही, नाती सांगावी लागतात: टरफल तुरीचं, तूर वनस्पती, वनस्पती भिजली की आंबते, आंबली की गॅस होतो. मग ते आपलं आपण स्थळ शोधतं. निम्मी नाती मी भरलीत.

"बाबा, आपला माल टाकू का?"

"टाक बाई."

'माल किती?' या चौकटीपाशी बाबा अडले.

"हे न्हाई सांगायचं."

"का?"

"टरफल किती निघालं ते कळलं की डाळ किती केली ते कळतं. पलीकडचा गुरुबसप्पा त्याचीच वाट बघून राहिलाय."

भिंतीपलीकडे गुरुबसप्पाअप्पांची मिल. दोघं एकमेकांच्या ट्रकांवर डोळा ठेवतात आणि बाजारात भेटले की तब्येत विचारतात.

मी मावशीला फोन लावला. "किती ते इथं कुणी सांगणार नाही. काय माल आणि कसा, एवढंच विचार. किती ते भेटल्यावर बघतील."

"तू मला शिकवून राहिलीस का?"

"हाव."

ती हसली, पण चौकट काढली.

दोन्हीकडून होकार आल्याशिवाय नावं दिसत नाहीत. मी पाणी प्यायले, गेटपर्यंत गेले, परत आले, फोन उघडला, ठेवला, पुन्हा उघडला. दुपार कलली तेव्हा स्थळ आलं: गॅस प्लांटसाठी ओला, आंबलेला माल हवा, ठिकाण जवळच. बाबांनी होकार दाबला. समोरूनही आला.

नाव उमटलं. गुरुबसप्पा.

बाबा आता बसले. "यानं गॅस प्लांट कधी टाकला?"

"तुम्ही त्यांना टाकी फुटल्याचं सांगितलं का?"

"नकार देता येतो का?"

"येतो. मग उद्या साहेबांना ढीग दाखवा."

बाबा तडक भिंतीपाशी गेले. पलीकडे अप्पा ड्रमवर चढून उभेच होते.

"वास लई येत होता, बापूसाहेब."

"मग विचारायचं की."

"विचारलं असतं तर तुम्ही भाव चढवला असता. आमचं सुकं टरफल गोठ्याला जातं, ते प्लांटात कोण घालंल?"

ट्रॉल्या सुरू झाल्या. बाबांनी प्रत्येकीवर ताडपत्री बांधायला लावली, अप्पांना अंदाज येऊ नये म्हणून. अप्पा गेटाशी खुर्ची टाकून बसले आणि बोटांवर ट्रॉल्या मोजत राहिले. संध्याकाळी ढिगाखालची फरशी कुठेकुठे दिसायला लागली, तरी ट्रॉल्या चालूच.

"हंगाम जोरात दिसतोय," अप्पा म्हणाले.

"ओलं हाय ना," बाबा म्हणाले. "फुगलंय."

आणि मला आणखी एक ताडपत्री आणायला पिटाळलं.