शाळेमागचा गड्डा

मुखरू गुरुजींना घाणीची एवढी किळस, की वाटेत कोणी नाक शिंकरताना दिसला तर ते धानाच्या बांधीतल्या चिखलातून वळसा घालत. अशा माणसाच्या नशिबी सरकारनं सडण्याचं शास्त्र शिकवणं लिहिलं.

शाळेमागे पोरांनी गड्डा खणला. गावचा कचरा त्यात टाकायचा, काय सडतं नि काय नाही ते पाहायचं, आणि झालेल्या खतावर शाळेच्या मुरमाड आवारात वांगी लावायची. पोरांनी वांग्यांच्या ओळी आधीच आपसांत वाटून घेतल्या.

विद्येच्या कामात आरमोरीकडच्या त्या गावानं हात आखडला नाही. सडका कोहळा, झिंग्यांची टरफलं, मेलेली कोंबडी, फुटक्या बांगड्या, सारं आलं. गड्ड्यावर हिरवट साय धरली, खाली वळवळ सुरू झाली. ढवळताना काळा पाझर धोतरावर उडाला आणि गुरुजी तीन पावलं मागे उडाले.

"गुरुजी, हे काऊन वळवळते जी?" पोरांतल्या रंभानं विचारलं.

"किडे हायेत. घान खातेत अन् माती करतेत," गुरुजी नाकावर दुपट्टा दाबून म्हणाले.

शेजारचे गुणवंतराव पाटील रोज कुंपणाशी येऊन थुंकत. "शाळेतून विद्या येते म्हंतेत. इथी तं वास येऊन राह्यला! बुजवा थो गड्डा!"

"पाटील, अजून सडाचं हाय."

"मंग तुमी सडा! मले जेवन जाऊन नाई राह्यलं!"

उकिरड्याचेही पांग फिटतात. उन्हाळा सरता सरता वास गेला, काळीभोर भुसभुशीत माती उरली. गुरुजींनी ती चक्क हातात घेऊन हुंगली. ते पाटलांनी कुंपणावरून पाहिलं.

दुसऱ्या सकाळी गड्डा रिकामा. तळाशी नुसत्या बांगड्या. पाटलाच्या दारात खतानं भरलेली बैलबंडी, बांधीकडे निघायच्या बेतात.

"पाटील, पोरायची वांगी..."

"गावाचा कचरा, गावाचं खत. अन् गावाचा पाटील कोन? मी!"

पोरं रडकुंडीला आली. तेवढ्यात रंभाची आजी गुणाबाई झिंग्यांची टोपली घेऊन आली. "गुरुजी, आता हे कुठी टाकू?"

गुरुजींनी श्वास कोंडला, टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. पाझर कानामागून मानेवर उतरला. मागून पोरं, हाताला लागेल ती घाण घेऊन.

"पाटील," त्यांच्याच ओसरीवर टोपली उपडी करत गुरुजी म्हणाले, "गावाचा कचरा आला जी. रोज येईन."

दुपारी बंडी शाळेमागे रिकामी झाली.

वांगी झकास आली. पोरांनी गुरुजींच्या घरी टोपलंभर नेऊन दिली. गुरुजींनी मात्र एकही तोंडात घातलं नाही. त्यांत काय काय गेलंय, ते त्यांना पाठ होतं.