शेऱ्याचा रकाना

हेडफोन कानाला लावण्याआधी तिने ते रुमालाने पुसले आणि पुसता पुसता हिशेब केला. ऑफिसच्या मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं होतं, म्हणजे बातमी मोठी होती. नव्या मुलांना शिकवण्याची जागा रिकामी होऊन महिना झाला होता. ती मिळाली तर फोन सुटणार होते. खिडकीजवळची खुर्ची, दहा ते पाचची वेळ, समोर चार-सहा भाबडे चेहरे, आणि त्यांना सांगायचं काय, तर ऐकावं कसं. बदल्यात द्यायचं काहीच नव्हतं. खुर्चीवर ठेवायची उशीसुद्धा तिने मनात निवडून ठेवली होती, निळी.

जागेवर तिचा हक्कही होता. मनाने कोलमडलेल्या माणसांनी फोन करावा आणि इथे कुणीतरी तो ऐकावा, एवढंच काम त्या ऑफिसात चालायचं. आठ टेबलं होती आणि आठांत तिच्यासारखा 'हं' कुणाचा नव्हता. घाई नाही, उगाच कळवळा नाही. पाठीवर हात ठेवावा तसा तो यायचा. सगळे तिला पाठीमागे हंताई म्हणत आणि हल्ली तोंडावरही म्हणायला लागले होते. हा 'हं' मात्र तिने घरी कमावला होता. लहानपणी बाबा गोष्ट सांगायचे आणि हुंकार द्यायचं काम तिचं. हुंकार थांबला की पोरगी झोपली असं समजून बाबा गोष्ट तिथेच सोडत. ती सुटू नये म्हणून झोपेतही हुंकार द्यायला ती शिकली होती.

"गुरुवारच्या तुझ्या फोनचं रेकॉर्डिंग आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "अकराव्या मिनिटापासून ऐक."

फोनवरच्या बाईंचा नवरा चार वर्षं अंथरुणावर होता. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, पाठीची जखम भरत नाही, नणंद महिन्यातून एकदा येते आणि जाताना चार सूचना देऊन जाते. प्रत्येक वाक्यामागे तिचा 'हं' होता. चांगला आलाय, असं तिला स्वतःलाच वाटलं. मग त्या बाई मध्येच थांबल्या.

"ऐकताय ना ताई?"

"हं. ऐकतेय."

"काल ना, आमच्या कपाटातून हत्ती निघाला."

"हं."

"म्हटलं, आता आलाच आहात तर बसा. चहा टाकला."

"हं. मग तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

बराच वेळ नुसती खरखर. मग त्या बाई हसल्या, अगदी थोडं.

"बरं वाटलं. ठेवते हं ताई."

तिने हेडफोन काढले. त्याची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"चेष्टा करायला फोन करतात लोक," ती म्हणाली.

"चेष्टा नव्हती ती. मी त्यांना परत फोन केला. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, त्या ताई दमल्या असतील, त्यांना बोलू नका."

मोठ्या बाईंनी खणातून एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला. कामाचा स्वतःला त्रास होतो का, हे सांगायला दर तीन महिन्यांनी सगळ्यांनी भरायचा तो अर्ज, अकरा प्रश्नांचा. तिने अकराही ठिकाणी 'कधीच नाही' लिहिलं होतं.

"अक्षर छान आहे तुझं. पण सातव्याला तरी अडखळायचंस. 'घरच्यांचं बोलणं नकोसं होतं का?' इथे सगळे तिथेच अडकतात. मीसुद्धा."

"मला खरंच काही होत नाही, बाई. त्रास होत नाही, रडू येत नाही, झोप लागते."

"तेच म्हणतेय मी."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझी गंमत सांगते. मी फोनवर होते तेव्हाची. घरी रिंग वाजली, उचलला, सासूबाई होत्या. मी त्यांना म्हटलं, नाव नाही सांगितलं तरी चालेल, मोकळेपणाने बोला."

"मग?"

"बोलल्या की. तासभर मोकळेपणाने बोलल्या. पुढचे सहा महिने मला ते ऐकवत होत्या." बाई हसल्या आणि लगेच थांबल्या. "तीन आठवडे फोन बंद तुझे. उद्यापासून नाही, आत्तापासून. शेवटच्या आठवड्यात माझ्यासमोर येऊन बसायचं. तू बोलायचंस, मी ऐकणार."

"आणि ती जागा?"

"आल्यावर बघू."

'आल्यावर बघू' म्हणजे काय, हे ऐकण्याचं काम करणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिने पर्स उचलली आणि रुमाल तिथेच विसरली.

भर दुपारी बेल वाजल्यामुळे बाबांनी दार अर्धंच उघडलं.

"काय गं, ऑफिसला आग लागली का?"

"सुट्टी आहे. तीन आठवडे."

"कोणी दिली एवढी?"

"हत्तीने."

"चांगला आहे हत्ती," बाबा म्हणाले आणि बाजूला झाले.

बाबांनी चौतीस वर्षं घरोघर जाऊन विजेची मीटरं वाचली होती. निवृत्त होऊनही अठरा वर्षं झाली, पण रोज सकाळी आठ वाजता ते स्टुलावर चढून घरचं मीटर वाचायचे आणि वहीत तीन रकाने भरायचे: तारीख, आकडा, शेरा. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणत, मीटरला करमत नाही माझ्याशिवाय. शेऱ्याचा रकाना बहुतेक कोरा असायचा. कामावर असतानाचा नियमच होता तो. घरी माणूस भेटलं तर शेरा कोरा. दाराला कुलूप असलं तर 'घर बंद' लिहायचं आणि परत जायचं. तीनदा बंद मिळालं की सरासरी टाकायची आणि पुढच्या दाराकडे वळायचं. "बंद घरावर रागवायचं नाही," हे त्यांनी तिला लहानपणापासून कितीदा सांगितलं असेल. "माणसं कामावर गेलेली असतात."

दोन दिवस ती नुसती बसून राहिली. समोरच्या गच्चीवर कुणी कपडे वाळत घातले, कुणी काढले, हे बघत. बाबा येताजाता काहीतरी बोलायचे, तिच्या तोंडून 'हं' निघायचा, आणि निघाल्यावर ती दचकून विचारायची, काय म्हणालात? तिसऱ्यांदा विचारल्यावर बाबा म्हणाले,

"तुला कमी ऐकू यायला लागलं का? या घरात तो मान माझा आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा गाळत होते. कप ओट्यावर होता. चहा कपाच्या शेजारी पडत होता, शांतपणे, एका सरळ धारेत.

"बाबा, कप."

"आहे की."

"चहा बाहेर पडतोय."

बाबांनी मान पाखरासारखी तिरकी केली आणि उजव्या डोळ्याने कप शोधून काढला. ती तिरकी मान तिने याआधीही पाहिली असणार. पेपर वाचताना, स्टुलावर, जिन्यात. ती उठली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांचा उजवा डोळा हाताने झाकला आणि दुसरा हात वर धरला.

"किती बोटं आहेत?"

"कुणाची?" बाबांनी विचारलं.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते आणि फाइलशीच बोलत होते. डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं.

"आजोबा, कधीपासून दिसत नाही?"

"झाले असतील चार-पाच दिवस."

"हे चार-पाच दिवसांचं नाही. आधी काजवे चमकल्यासारखं झालं असेल, काळे ठिपके आले असतील."

"आले असतील."

"घरी कुणाला सांगितलं नाहीत?"

बाबा समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते, ज्यावरची अक्षरं खाली खाली बारीक होत जातात.

"नाही. वयाचं असेल म्हटलं. राहून गेलं."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "तुमच्या लक्षात नाही आलं?"

"ती कामावर असते," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी लिहायला घेतलं. ऑपरेशन लगेच करू. उजेड कळेल, माणूस समोर आला तर त्याचा आकार कळेल. वाचता येईल असं मात्र त्यांना वाटत नव्हतं. दोन आठवडे आधी आला असतात तर, असं ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

परतताना रिक्षात ती बाबांना बोलत राहिली. सांगायचं नाही का? मी काय परकी आहे? जगभरची माणसं मला सगळं सांगतात, आणि घरातलं माणूस डोळा जाईपर्यंत गप्प बसतं. एवढं कसलं ते मनात ठेवायचं? तिचा आवाज चढत गेला, तसं रिक्षावाल्याने आरशातून एकदा मागे पाहिलं.

"हं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, "हं."

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यावर पट्टी आली, वाकायचं नाही आणि चढायचं नाही अशी ताकीद मिळाली. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, आठ वाजायला दोन मिनिटं असताना, बाबा पलंगाच्या काठावर येऊन बसले.

"स्टूल घे. आजपासून तू."

"आज राहू द्या ना."

"चौतीस वर्षांत राहू दिलं नाही."

ती स्टुलावर चढली. आकडा पाठ करत उतरली, वही घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि या महिन्याचं पान उघडलं. बाबांचं अक्षर बारीक आणि ताठ होतं. पानाच्या खाली मात्र ते रेघ सोडून उतरत गेलं होतं. नेहमी कोऱ्या असणाऱ्या तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं होतं.

तीन तारीख. डाव्या डोळ्यात काजवे. पोरीला सांगितलं. घर बंद.

सात तारीख. काळे ठिपके. परत सांगितलं. घर बंद.

अकरा तारीख. खालून पडदा चढतोय. जेवताना सांगितलं. घर बंद.

बारा तारखेपुढे एकच शब्द होता, 'सरासरी'. त्याच्याखाली रोज 'वरीलप्रमाणे'च्या दोन बारीक रेघा. तिने त्यांना बोटं किती म्हणून विचारलं, त्या दिवसापर्यंत. तिथून पुढे रकाना कोरा होता.

अकरा तारखेचं जेवण ती आठवत राहिली. ताट आठवलं. नळ गळत होता, तो आठवला. समोर बाबांचे ओठ हलत होते आणि तिच्या डोक्यात त्या दिवशीचा चौथा फोन होता, का पाचवा. आपण काय म्हणालो तेही आठवलं. एकच अक्षर होतं ते, आणि चांगलं आलं होतं.

"आकडा?" बाबांनी विचारलं.

तिने सांगितला.

"हं," बाबा म्हणाले. "लिही. रेघ सोडू नकोस."

तिने लिहिला. पेन तिसऱ्या रकान्यावर येऊन थांबलं.

"शेरा?"

"घरी भेटलं का कुणी?"

पट्टी नसलेला डोळा तिच्याकडे बघत होता, मान पाखरासारखी तिरकी करून.

"भेटलं," ती म्हणाली.

"मग कोरा ठेव."

तिने रकाना कोरा ठेवला आणि वही मिटली. मिटता मिटता सवयीने तिच्याकडून हिशेब झालाच. ऑफिसला नव्या मुलांना ऐकवायला हत्तीचं रेकॉर्डिंग मिळालं होतं. तिला तीन आठवडे मिळाले होते, त्यातले दोन अजून शिल्लक होते. निळ्या उशीचं आल्यावर बघायचं होतं. एरवी मीटर वाचणारा एक असतो आणि बिल भरणारा दुसरा. या घरात दोन्ही कामं बाबांनीच केली होती, आणि बिल एका डोळ्याने भरलं होतं.