बसून खाणारा गिझर

“बाई, तुमचं ते हुकमी वाक्य हल्ली कुठे गेलं?” गिऱ्हाईक रिकाम्या हातानं पायरी उतरलं, तसं शेठनी विचारलं.

बाई नमुन्याच्या टाकीवरून फडकं फिरवत राहिल्या. या दुकानात गिझर विकता विकता त्यांचे केस पिकले होते. टाकीवाला घ्यावा की झटपटवाला, बिल कुणाचं जास्त येतं, हे विचारल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नसे. झटपटवाला नळ सोडला की वीज ओढतो, नळ मिटला की गप्प. टाकीतलं पाणी मात्र कुणी वापरो न वापरो, निवत राहतं आणि पुन्हा तापत राहतं. एवढं समजावत बसलं तर गिऱ्हाईक जांभया देतं. म्हणून बाई एकच म्हणायच्या, “झटपटवाला कामापुरतं खातो, टाकीवाला बसून खातो.” गिऱ्हाईक हसायचं, आणि हसलेलं गिऱ्हाईक सहसा परत जात नाही.

हे वाक्य बाईंनी मोठ्या कौतुकानं घरी सांगितलं होतं. नवऱ्याला ते फारच आवडलं. मुलगा शिकून घरी होता. अर्ज करत होता, पण कुठेच डाळ शिजत नव्हती. एकदा त्याच्या ताटाकडे बघत नवरा म्हणाला, “आपल्याकडे टाकीवाले दोन. एक बाथरूममध्ये, एक इथे.” मुलगा हसला. बाईही हसल्या. वाक्य त्यांचंच होतं ना.

दुसऱ्या दिवशी मुलानं पार्सलं पोहोचवायचं काम धरलं. पहिला पगार त्यानं वडिलांच्या हातात ठेवला. “आता कामापुरतं खातो हं, बाबा,” म्हणाला. दुसरा पगार आणायला वडिलांनाच जावं लागलं. मुलगा दुचाकीसकट ट्रकखाली गेला होता.

तेव्हापासून बाईंच्या तोंडून ते वाक्य फुटत नव्हतं. शेठना मुलगा गेल्याचं ठाऊक होतं, घरातल्या त्या वाक्याचं नव्हतं. पण माणूस वाईट नव्हता. दुकान बंद करताना त्यांनी एक चेपलेला खोका पुढे केला. “घरचा गिझर गळतोय म्हणालात ना? हा झटपटवाला न्या. पैशांचं बघू सावकाश.”

घरी बाथरूममध्ये टाकीचा लाल दिवा लागलेला होता. तो दिसला की पूर्वी घर डोक्यावर घेणारा नवरा आता सकाळी स्वतःच बटण दाबायचा आणि दिवसभर बंद करायचा नाही. टाकीखाली फरशीवर पाणी ठिबकत होतं.

“अहो, हा बसवून घेऊ,” बाई म्हणाल्या. “आपण दोघंच तर आहोत. बादलीभर पाणी पुरतं. तो आपला उगाच दिवसभर...” त्यांनी जीभ चावली.

“बसून खातो,” नवरा म्हणाला. “म्हण की.”

बाईंना रडू फुटलं. इतके दिवस दोघांनीही तो शब्द घरात येऊ दिला नव्हता. नवऱ्यानं हात वर करून तळवा टाकीला लावला, पोराचा ताप बघावा तसा.

“खाऊ दे गं त्याला,” तो म्हणाला. “घरात बसून खाऊ दे.”

बाईंनी डोळे पुसले. खोका पलंगाखाली सरकवला, गळतीखाली बादली ठेवली आणि बटण तसंच राहू दिलं.