लंकाबाईच्या बोटांपुरती जागा

मी एच-दोनशेचौसष्ट बोलतोय. नाव नंबरासारखं आहे, कारण ज्या समितीने मला घडवलं तिला बारसं करायची हौस नव्हती. तुम्ही मला पाहिलेलं नाही. पण तुमच्या फोनवर आलेलं भाच्याचं लग्न, घाटातली बैलगाडा शर्यत, नातवाचं पहिलं पाऊल, यातलं बरंचसं माझ्याच हातून आलेलं असणार. हलतं चित्र फार अवजड असतं. ते आवळून लहान करायचं आणि पलीकडे पुन्हा उलगडायचं, हे माझं काम.

माझी युक्ती सोपी आहे. एक चित्र मी पूर्ण पाठवतो. पुढच्या चित्रांत फक्त फरक कळवतो: भिंत होती तशीच, हात थोडा वर सरकला. चित्राचे चौकोनी तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा मागच्या चित्रात कुठे होता ते शोधतो, न सापडेल तेवढंच नव्याने लिहितो. जागा कमी पडली तर बारकावे पुसतो. डोळ्याला ते सहसा कळत नाही. या कामात मला बराच काळ तोड नव्हती, हे निःसंकोच सांगतो.

माझ्यामागून धाकटे आले. एच-दोनशेपासष्ट, मग एव्ही-वन, मग एच-दोनशेसहासष्ट. माझ्याहून कितीतरी कमी जागेत ते तितकंच चांगलं चित्र बसवतात. पण दोन फोन बोलायला लागले, की आधी दोघांच्याही ओळखीचा कुणी आहे का ते पाहतात. त्यातला एक जुना असला, की हाक मला येते.

अशीच ती मागच्या हिवाळ्यात आली. एका टोकाला जुन्नरला मोहिनी होती, मावशीकडे राहून शिलाईकाम करणारी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळा उशिरा मिळाली, अक्षरं सहीपुरती. तिची भाषा हातांची, आणि ती तिने व तिच्या आजीने मिळून घडवलेली. आजीशिवाय ती कुणालाच पुरती समजत नाही. दुसऱ्या टोकाला डोंगरावरच्या आहुपे गावात ती आजी, लंकाबाई, आणि मोहिनीचा बाप गोरख. फोन गोरखचा, जुना. तिथे रेंज मिळते देवराईच्या कडेच्या कातळावर, म्हणून दोघं तिथे आलेली. शेजारचा सावळेरामही सोबतीला होता.

मोहिनीला डोंगराखालच्या डिंभे गावचं स्थळ सांगून आलं होतं. तिचा होकार कळला की पाहुणे सुपारी फोडायला निघणार होते.

"आये, इचार लवकर," गोरख म्हणाला. "तिकडं गाडी उभी हाय."

लंकाबाईने हातांनी विचारलं. तिच्या मागे देवराई वाऱ्यावर हलत होती. एकेक पान वेगळ्या दिशेला, मागच्या चित्रात कुठलंच जागेवर सापडेना. रेंज बारीक, पाठवायला जागा मूठभर. ती बहुतेक सगळी मी पानांवर खर्च केली. पान महत्त्वाचं की बोट, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला फक्त किती हललं ते कळतं. पलीकडे मोहिनीला आजीचे हात पेजेसारखे दिसले.

मोहिनीने मान डोलावली.

ही तिची लहानपणापासूनची सवय. कळलं नाही तरी मान हलवायची, म्हणजे माणसं वैतागत नाहीत.

"झालं! हो म्हनाली पोरगी. ठेव आता, मी त्यांना फोन लावतो."

"थांब रं," लंकाबाई म्हणाली. "येवढ्या झटक्यात ती च्याला बी हो म्हनत न्हाई."

"हो म्हंजी हो, आये."

"तुला तुज्या लग्नाचं इचारलं व्हतं तवा तू आठ दिस घुम्यावानी बसला व्हतास. परत इचारते. ह्यो पदर तेवढा हातावर येतोय, लई वारं सुटलंय."

सावळेरामने खांद्यावरची काळी घोंगडी काढली आणि वारा अडवायला तिच्या मागे दोन्ही हातांनी ताणून धरली. "धरतो पडदा. पन नाटक लवकर उरका, राव."

घोंगडी आली आणि माझ्या पुढ्यातून अख्खी देवराई गेली. उरला काळा, सपाट रंग. तिथे 'होतं तसंच' एवढंच कळवायचं. मोकळी झालेली सगळी जागा मी लंकाबाईच्या बोटांवर ओतली. इतकी स्वच्छ बोटं मी क्वचित पाठवली असतील.

तिने कपाळाला बोट लावलं, मनगटाभोवती बांगडी फिरवली, एका हाताचा डोंगर करून दुसऱ्याने त्याच्या खाली दाखवलं, मग दोन्ही तळवे उघडले. लग्न, डिंभ्याला, करतेस?

मोहिनी फोनच्या इतकी जवळ आली, की चित्रात नुसते तिचे डोळे मावले. मग मागे सरकून तिने जोरात हात हलवले आणि पुढे सावकाश, एकेक खूण सुटी करत बोलत राहिली.

"काय म्हनती?" गोरखने विचारलं.

"न्हाई म्हनती. बगायला आला तवा त्यो समदं मावशीलाच इचारत व्हता, हिच्याकडं बगून एक हात हलावला न्हाई. जो हातानं बोलायला शिकंल, त्याचं बगू म्हनती."

"अगं, पन गाडी..."

"गाडी वळवता येती."

"मी सोडू का आता?" घोंगडीमागून सावळेराम.

"धर अजून! माझं बोलनं कुठं झालंय?"

आजी-नातीचं बोलणं संपल्यावर गोरखने डिंभ्याला फोन लावला. आवाज सांभाळणं माझं काम नाही, पण फोन तोच, कानावर पडलं.

"पोरगी न्हाई म्हनाली," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी जोरात विचारलं गेलं. "न्हाई, आमी कोन म्हननारं? ती म्हनाली. मी सोता बगितलं."

आता गोरख नवा फोन घ्यायचं म्हणतोय. घेतला, की या घरातलं माझं काम संपेल. येणारा धाकटा माझ्याहून हुशार आहे, याची मला खात्री आहे. पण पान आणि बोट यांतला फरक त्याला आपोआप कळेल, याची नाही. तेवढं तुम्ही सांभाळा. हातांनी बोलणाऱ्या माणसाच्या मागे काहीतरी धरा. आणि दिसलं नाही, तर मान डोलावू नका, पुन्हा विचारा. पुन्हा पाठवायचा मला कधीच कंटाळा नव्हता.