माठावरचं कीर्तन

या, जरा पुढं सरकून बसा. उंब्रजची एक गोष्ट सांगतो.

सयाजीबुवा गेले आणि त्यांच्या कीर्तनाची एकच कॅसेट उरली, तीही आणखी एकदाच वाजेल इतकी विरलेली. ती संगणकात उतरवायची होती. पण उन्हाळ्यात संगणक अर्ध्या तासात तापून बंद पडायचा, आणि कीर्तन दीड तासाचं.

फौजेतून निवृत्त झालेल्या उदयसिंहानं तापणाऱ्या चिपवर तांब्याची पोकळ डबी बसवली. माठात कुलरचा पंप सोडून सलाईनच्या नळीनं पाणी डबीतून फिरवलं. तरी चाचणीत संगणक बंदच पडला.

बुवांच्या पत्नी बनुबाईंनी माठाला हात लावला. "मर्दा, जुना माठ पाझरत न्हाई, मग पानी गार कसं हुईल? फौजेत एवढंबी शिकीवलं न्हाई व्हय?"

त्यांनी घरातला नवा माठ आणला. कॅसेट सुरू झाली. आमचा जीव नळीत अडकलेला. बनुबाई दीड तास माठावरचं फडकं भिजवत, पाणी कोमट झालं का ते बोटानं बघत राहिल्या. शेवटचा गजर उतरला आणि फीत तुटली.

"कसं झालं रं कीर्तन?" त्यांनी विचारलं. "माजं ध्यानच नव्हतं."

ते कीर्तन आता तुमच्या मोबाईलवर येईल. ऐकताना बनुबाईंची आठवण ठेवा.