आज पाऊस येईलसं दिसतंय

मी छत्री बोलतेय. काळी, लाकडी मुठीची आणि आजवर एकदाही न उघडलेली.

कारखान्यात होते तेव्हा बाकीच्या छत्र्यांसारखी मीही पावसाची स्वप्नं पाहायचे. पण नशिबी आले तोकुजिरो आजोबा. वय सत्त्याऐंशी, गुडघे गेलेले, ऐट मात्र शाबूत. काठीचं नाव काढलं की नाक मुरडणार! दुकानात त्यांनी मला उघडून नाही, टेकवून पाहिलं. काय समजायचं ते मी तिथेच समजले.

आमच्या कानाझावा शहरात पाऊस कधीही येतो, म्हणून म्हणतात, डबा विसरा, पण छत्री विसरू नका. त्यामुळे आजोबांचं फावलं. लख्ख ऊन असलं तरी शेजाऱ्यांना सांगायचे, "आज पाऊस येईलसं दिसतंय." खरोखरच पाऊस आला की मात्र पंचाईत. मला उघडलं, तर टेकायचं कशावर? ओलेचिंब होऊन घरी यायचे.

"अहो, हातात छत्री असून भिजलात कसे?" फुसाए आजी विचारायची.

"वारा होता."

न्हाणीघरात आजोबा दोनदा घसरले, तेव्हा आजीने नगरपालिकेत अर्ज केला. भिंतीला धरायला दांडा आणि कामाला मदतनीस मिळणार होती. त्यांना एकटीने उचलणं आजीला आता झेपत नव्हतं. पण आधी एक बाई येऊन आजोबांना काय जमतं, काय नाही, ते बघणार होत्या.

"त्यांच्यासमोर शहाणपणा करू नका," आजीने बजावलं. "जमत नाही ते जमत नाही म्हणा."

"बरं, बरं."

निशिमुरा बाई आल्या आणि आजोबांच्या अंगात संचारलं. मला तर आधीच दारातल्या कुंडीत इतर छत्र्यांमध्ये कोंबलं होतं. जमिनीवरून उठता येतं? उठले, हात न टेकता! एका पायावर उभं राहता येतं? राहिले, वर हसलेसुद्धा.

"आंघोळ?"

"रोज. एकटाच!"

"अहो, परवा तुम्हाला टबातून कोणी काढलं?" आजी कळवळली.

"फुसाए, पाहुण्यांना चहा दे."

आजीचा चेहरा उतरला. दांडा गेला, मदतनीसही गेली. मला मेलीला इतका राग आला, पण छत्रीचं ऐकतंय कोण?

बाई निघाल्या. आजोबा दारापर्यंत आले आणि रीतीप्रमाणे कमरेत वाकले. बाईही वाकल्या. बाई सरळ झाल्या, आजोबा वाकलेलेच. एवढा मान पाहून बाई ओशाळल्या, पुन्हा वाकल्या, आणखी खाली. तरी आजोबा वाकलेलेच! कंबर धरली होती. तिसऱ्यांदा वाकताना बाईंना त्यांचा हात दिसला. तो हवेत चाचपडत होता, माझ्या दिशेने.

बाईंनी मला बाहेर काढलं. झिजून तिरकं झालेलं टोक पाहिलं, दुकानातून आल्यापासून न सोडलेला पट्टा पाहिला. बाहेर कडक ऊन होतं. मला आजोबांच्या हातात देत त्या हळूच म्हणाल्या, "असू द्या जवळ. आज पाऊस येईलसं दिसतंय."

मग बूट काढून पुन्हा आत आल्या. "आजी, चहा आहे का अजून? आंघोळीचं जरा नीट विचारते."

आता दांडा बसलाय, मदतनीसही येते. पावसात आजी आपली लाल छत्री दोघांवर धरते आणि आजोबा माझ्यावर टेकतात. वाचकहो, एके काळी मी उघडण्यासाठी झुरत होते. आता एकच विनंती आहे. कितीही धो धो कोसळू दे, मला कुणी उघडू नका. माझा म्हातारा पडेल.