आखाजीचं ताट

अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, खापरावरच्या पुरणपोळ्या मी एकटीनं करते. मध्ये कोणी बोललं की माझं डोकं फिरतं. अठ्ठ्याऐंशीच्या आखाजीला तर ते सकाळपासूनच फिरलेलं होतं, कारण उखर्डू अजून आला नव्हता.

उखर्डू आमचा सालदार, वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी. सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं लागतं. आमच्या घरची रीत सोपी होती. सालदारानं ओट्यावर बसून आमरस-पोळी खाल्ली, की तो पुढच्या आखाजीपर्यंत या घरचा. आमचे हे गेल्यापासून केळीची बाग उखर्डूच्याच जिवावर उभी होती. त्या उन्हात चार दिवस पाणी चुकलं तर केळी माना टाकतात, आणि मला मोटार कुठून चालू होते तेसुद्धा ठाऊक नव्हतं.

दुपारी आला एकदाचा. धुतलेला सदरा, पायात नवी चप्पल.

"या राजे! पोळ्या गार होऊन चामडं झाल्या," असं म्हणत मी ताट घेऊन ओट्यावर गेले, तर हा उभाच.

"वाढू नका, अक्का. खाल्लं तं बांधला जाईन."

"म्हणजे?"

"आता सालानं नाई राहत. दीपनगरच्या वीज केंद्रावर ठेकेदारानं बोलावलं. कोळशाचं काम. आठ तासाची पाळी, आइतवारी सुट्टी."

"हिरवी बाग सोडून कोळसा उपसायला जातोस? अरे, इथं तुला कमी काय पडलं?"

"कमी काई नाई पडलं. पण घरी कवा गेलो मी? लाईट रात्री, म्हनून पानी रात्री. पोरगी सासरी गेली, तिच्याशी धड बोलनं नाई झालं."

मी तोंडाला येईल ते बोलले. शेवटी म्हटलं, "एवढ्या वर्षांची काही माया असते की नाही?"

"गेल्या साली बैलजोडी इकली तुम्ही," तो शांतपणे म्हणाला. "आता गिरधरच्या टॅक्टरले तासावर बोलावता. काम झालं की तो घरी जातो. त्याले मायेचं इचारलं का कधी?"

बैल गेले तेव्हा रडला होता तो हाच. मीच त्याला म्हटलं होतं, रिकाम्या बैलांना चारा कोण घालणार?

"मलेबी तसंच बोलवा. पाळी सुटली की येईन, तासावर. बाग मरू देनार नाई मी."

बाग वाचली म्हणून जीव भांड्यात पडला, आणि लगेच राग आला. माझ्या ओट्यावर उभा राहून बोली हा ठरवतोय! तो जायला निघाला.

"सणाचा उपाशी जातोस?"

"खाल्लं तं..."

"गप बस. ओट्यावर नाही, आत चल."

मी चुलीजवळ पाट मांडला. इतक्या वर्षांत उखर्डूनं आमचं स्वयंपाकघर आतून पाहिलं नव्हतं. चप्पल काढून तो उंबऱ्याशीच घुटमळला.

"बसा, उखर्डूभाऊ," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून कसं निघालं, कोण जाणे.

तो बसला आणि पोटभर जेवला. हात धुवायला मी पाणी दिलं, आणि सवयीनं सांगायला लागले, "बरं, उद्या उजाडताच त्या खालच्या वाफ्यात..."

उखर्डूनं हात पुसले.

"ते उद्या पाळी सुटल्यावर सांगा, अक्का."